मूलद्रव्यांची स्थिरता व क्रियाशीलता

प्राथमिक शाळेच्या वरच्या इयत्तांत मूलद्रव्यांचा पाठ शिकविताना बहुधा त्यांची नावे, चिन्हे आणि धातू-अधातू अशी विभागणी यांवरच भर दिला जातो. 'सोडियम हा क्रियाशील धातू आहे', 'सोने हा राजस धातू आहे' ही वाक्ये विद्यार्थी पाठ करतात आणि परीक्षेत अचूक लिहितातही. परंतु क्रियाशील म्हणजे नेमके काय, एक मूलद्रव्य क्रियाशील व दुसरे स्थिर का असते, आणि जे स्थिर दिसते ते खरोखरच स्थिर असते काय, हे प्रश्न वर्गात क्वचितच निघतात. ते निघावेत व शिक्षकांना त्यांची उत्तरे सुगमतेने देता यावीत, या हेतूने प्रस्तुत विवेचन केले आहे.

उदाहरणांसाठी भिवंडी तालुक्यातील काल्हेर हे गाव घेतले आहे. ठाण्याहून भिवंडीकडे जाताना कशेळीचा पूल ओलांडला की उल्हास नदीच्या खाडीकाठी हे गाव लागते. या पट्ट्यातील भातशेतीच्या पुष्कळ जमिनीवर आता गुदामे उभी आहेत. कापड, धान्य, यंत्रांचे भाग यांबरोबरच रासायनिक द्रव्यांची पिंपेही भिवंडी परिसरातील गुदामांत साठविली गेली आहेत व त्यांना आगी लागल्याच्या बातम्या वृत्तपत्रांतून वेळोवेळी आल्या आहेत. एका बाजूस खाऱ्या पाण्याची खाडी आणि दुसऱ्या बाजूस गुदामांच्या रांगा, यांच्या मधल्या वाटेने जी मुले शाळेत येतात, त्यांच्या दृष्टीने हा विषय केवळ परीक्षेचा राहत नाही.

खाडीच्या पाण्यातील मीठ

आरंभ मिठापासून करावा. समुद्राच्या एक किलोग्रॅम पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यांतील तीन चतुर्थांशांहून अधिक भाग आपल्या खाण्यातील मिठाचा असतो. खाडीत नदीचे गोडे पाणी मिसळत असल्याने तेथील खारेपणा ऋतूप्रमाणे व भरती-ओहोटीप्रमाणे कमीजास्त होतो. ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावर मिठाची आगरे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत; 'आगरी' हे समाजनाम 'आगर' या शब्दावरूनच आले असे मानले जाते.

हे मीठ सोडियम व क्लोरीन या दोन मूलद्रव्यांचे संयुग होय. सोडियम धातू प्रथम वेगळा केला तो इंग्लंडातील हम्फ्री डेव्ही यांनी, १८०७ साली. हा धातू सुरीने कापता येण्याइतका मऊ असतो. उघड्या हवेत त्याची चकाकी पाहता पाहता नाहीशी होते आणि पाण्यात टाकला असता तो तडतडत पृष्ठभागावर धावू लागतो. त्यातून निघणारा हायड्रोजन वायू पेट घेतो. म्हणून प्रयोगशाळेत सोडियम रॉकेलमध्ये बुडवून ठेवावा लागतो. क्लोरीन हा १७७४ साली शेले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने प्रथम तयार केलेला, हिरवट पिवळा व गुदमरविणारा वायू. पहिल्या महायुद्धात २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने शत्रूवर सोडलेला विषारी वायू तो हाच.

असा हा दाहक धातू आणि असा हा विषारी वायू एकत्र आले असता जो पदार्थ तयार होतो, तो आपण रोज ताटात वाढून घेतो. मीठ पाण्यात टाकले तर ते पेटत नाही, निमूटपणे विरघळते. सोडियम तेथे आहे, क्लोरीनही तेथे आहे. मग त्यांचा तो उग्र स्वभाव कोठे गेला? या प्रश्नाच्या उत्तरातच सर्व विषयाचे मर्म आहे.

अणूचे बाहेरचे कवच

अणूच्या मध्यभागी अणुकेंद्र असते व त्याभोवती इलेक्ट्रॉन कवचाकवचांनी मांडलेले असतात. पहिल्या कवचात २ आणि दुसऱ्यात ८ इलेक्ट्रॉन मावतात. सोडियममध्ये एकूण ११ इलेक्ट्रॉन असून त्यांची मांडणी २, ८, १ अशी आहे. क्लोरीनमध्ये १७ असून त्यांची मांडणी २, ८, ७ अशी आहे. म्हणजे सोडियमच्या बाहेरच्या कवचात एकच एकाकी इलेक्ट्रॉन आहे, तर क्लोरीनच्या बाहेरच्या कवचात आठाला एक कमी आहे. सोडियमने आपला एक इलेक्ट्रॉन क्लोरीनला दिला की सोडियमकडे २, ८ आणि क्लोरीनकडे २, ८, ८ अशी मांडणी होते. बाहेरच्या कवचातील आठ इलेक्ट्रॉनांच्या या मांडणीला अष्टक म्हणतात. अष्टकाची ही कल्पना १९१६ साली जर्मनीत कोसेल व अमेरिकेत लुइस यांनी मांडली. देवघेव झाल्यावर एकावर धन व दुसऱ्यावर ऋण विद्युत्‌भार येतो आणि विरुद्ध भारांच्या आकर्षणाने ते घट्ट बांधले जातात.

येथे एक दक्षता घ्यावी. 'अणूला अष्टक पूर्ण करण्याची इच्छा असते' असे आपण सोयीसाठी म्हणतो. अणूला इच्छा नसते. घाटाच्या उतारावरून सुटलेला धोंडा तळाशी जाऊन थांबतो, कारण तळाशी त्याची ऊर्जा सर्वांत कमी असते. त्याचप्रमाणे सोडियम व क्लोरीन यांची वेगवेगळी असतानाची ऊर्जा अधिक व संयुग झाल्यावरची ऊर्जा कमी असते. मधली जादा ऊर्जा उष्णता व प्रकाश यांच्या रूपाने बाहेर पडते. मूलद्रव्य जितके उतारावर उंच आणि त्याची वाट जितकी मोकळी, तितके ते क्रियाशील. मीठ तळाशी पोचलेले आहे, म्हणून ते शांत आहे. सोडियमचा उग्रपणा नाहीसा झाला नसून तो खर्च झाला आहे, असे मुलांना सांगावे.

काहीच न देणारे, काहीच न घेणारे

ज्यांचे बाहेरचे कवच मुळातच पूर्ण आहे अशा मूलद्रव्यांना देवघेवीचे कारणच नसते. हेलियम, निऑन, आर्गॉन, क्रिप्टॉन, झेनॉन व रेडॉन हे ते वायू होत. त्यांना निष्क्रिय वायू किंवा राजवायू म्हणतात. आपण घेत असलेल्या प्रत्येक श्वासात जवळजवळ एक टक्का आर्गॉन असतो. तरीही १८९४ साली रॅले व रॅम्झी यांनी दाखवून देईपर्यंत त्याचे अस्तित्व कोणास कळले नव्हते. कारण जो कोणाशीच संयोग पावत नाही त्याचा माग लागणार कसा?

हेलियमची कथा आपल्या कोकणाशी जोडली जाते, म्हणून ती शिक्षकांना नेमकी ठाऊक असावी. १८ ऑगस्ट १८६८ रोजी भारतातून दिसलेल्या खग्रास सूर्यग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी गुंटूर येथून सूर्याच्या प्रकाशाचे निरीक्षण केले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नॉर्मन लॉकियर यांनी इंग्लंडातून सूर्यप्रकाशातील एक अनोळखी पिवळी रेषा पाहिली. त्या रेषेवरून नव्या मूलद्रव्याची कल्पना पुढे आली. लॉकियर सिंधुदुर्ग जिल्ह्यातील विजयदुर्गावर आले ते जानेवारी १८९८ च्या ग्रहणाच्या वेळी. तेथील 'साहेबाचे ओटे' पाहून हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला असे सांगण्याचा प्रघात पडला आहे, तो या सनावळीशी जुळत नाही. कारण पृथ्वीवरच्या खनिजातून हेलियम मिळविल्याचे रॅम्झी यांनी त्यापूर्वीच, १८९५ साली दाखविले होते. जे मूलद्रव्य आधी सूर्यावर ओळखले गेले आणि सत्तावीस वर्षांनी पृथ्वीवर हाती आले, त्याची अलिप्तता याहून अधिक कोणत्या उदाहरणाने पटवून द्यावी?

तथापि 'निष्क्रिय' हे विशेषणही सर्वस्वी खरे राहिलेले नाही. १९६२ साली नील बार्टलेट यांनी झेनॉनचे संयुग तयार करून दाखविले. फ्लोरिनसारखा अत्यंत आक्रमक जोडीदार भेटला तर झेनॉनही आपले मौन सोडतो. यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. क्रियाशीलता हा एकट्या पदार्थाचा गुण नसून तो नेहमी 'कोणाशी' या प्रश्नासह येतो.

धातूंची उतरंड

घरात मडक्यांची उतरंड रचतात, तशीच धातूंची क्रियाशीलतेप्रमाणे उतरंड रचता येते. पोटॅशियम, सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, जस्त, लोखंड, कथील, शिसे, तांबे, पारा, चांदी आणि सोने असा तो उतरता क्रम आहे. वरचा धातू खालच्या धातूला त्याच्या क्षारातून बाहेर ढकलतो. खालचा वरच्याला ढकलू शकत नाही. ही उतरंड केवळ पाठ करून घेऊ नये. गावातील वस्तूंवर ती वाचावयास शिकवावे.

खाडीत नांगरलेल्या बोटीचे लोखंडी भाग पाहावे. गंज चढण्यास पाणी व ऑक्सिजन ही दोन्ही लागतात आणि पाण्यातील मीठ ती क्रिया जलद करते. म्हणून गावातील खिळ्यापेक्षा खाडीतील खिळा लवकर झिजतो. खाणीतील लोखंड हे बहुतांशी ऑक्सिजनशी बांधलेल्या खनिजाच्या रूपात असते. भट्टीत कोळसा जाळून आपण ते उतारावरून वर ढकलतो व शुद्ध लोखंड मिळवितो. गंज म्हणजे त्या लोखंडाचे पुन्हा उतरून मूळ स्थितीकडे जाणे होय.

येथे चौकस विद्यार्थी विचारील की, ॲल्युमिनियम तर लोखंडापेक्षा अधिक क्रियाशील आहे, मग ॲल्युमिनियमचे पातेले गंजून का जात नाही? प्रश्न योग्य आहे. ॲल्युमिनियम हवेतील ऑक्सिजनशी तत्काळ संयोग पावते. परंतु त्यातून पृष्ठभागावर जो अत्यंत पातळ व चिवट थर तयार होतो, तो आतील धातूस झाकून टाकतो. लोखंडाचा गंज मात्र पापुद्रे धरून सुटतो व आतील धातू पुन्हा उघडा पडतो.

छपराच्या पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो. पत्र्यावर ओरखडा पडला तरी जस्त लोखंडाच्या वरचे असल्याने आधी स्वतः झिजते व लोखंडास वाचविते. कथिलाचा मुलामा असलेल्या लोखंडी डब्याचे उलट होते. कथील लोखंडाच्या खाली असल्याने एकदा मुलामा फुटला की लोखंडच अधिक वेगाने गंजते. तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई करतात तीही कथिलाचीच. कल्हई गेलेल्या भांड्यात ताक किंवा चिंचेचे सार ठेवले तर ते कळकते. म्हणजे आंबट पदार्थ व हवा यांच्या योगाने तांब्याचा अंश अन्नात उतरतो व तो अपायकारक ठरतो. कल्हई ही आपल्या घरोघर चालत आलेली रसायनविद्याच होय.

उतरंडीच्या तळाशी सोने आहे. ते आपले इलेक्ट्रॉन सहजासहजी देत नाही, म्हणून निसर्गातही ते शुद्ध रूपात सापडते. एकट्या तीव्र आम्लाचा त्यावर परिणाम होत नाही. नायट्रिक व हायड्रोक्लोरिक या दोन आम्लांचे मिश्रण म्हणजे अम्लराज मात्र त्याला विरघळविते. पारा तर सोन्यात सहज मिसळून जातो, ही गोष्ट कोणताही सोनार सांगेल. येथेही तोच प्रश्न आला : कोणाशी?

स्थिरावलेले आणि अडलेले

आता या विषयातील सर्वांत महत्त्वाचा भेद सांगावयाचा आहे. उतारावर उभी असलेली बैलगाडी आणि उताराच्या तळाशी उभी असलेली बैलगाडी, या दोन्ही दिसावयास सारख्याच निश्चल असतात. परंतु पहिलीच्या चाकाखाली एक दगड लावलेला असतो. तो दगड निघाला की ती धावत सुटते. दुसरी मात्र कोणी ढकलली तरी जागची फारशी हलत नाही. पहिली अडलेली आहे, दुसरी स्थिरावलेली आहे.

पदार्थांचेही असेच असते. मीठ, वाळू, पाणी हे स्थिरावलेले पदार्थ होत. कापसाची गासडी हवेत वर्षानुवर्षे पडून राहते, कारण कापूस व ऑक्सिजन यांचा संयोग होण्यास आधी थोडी उष्णता लागते. ती मिळेपर्यंत कापूस अडलेला असतो, स्थिरावलेला नसतो. आगकाडीची ठिणगी म्हणजे चाकाखालचा दगड काढून घेणे होय.

नायट्रोजन म्हणजे नत्रवायू याचे उदाहरण या दृष्टीने फार उद्‌बोधक आहे. हवेचा सुमारे ७८ टक्के भाग नत्रवायूचा असतो. त्याचे दोन अणू तिहेरी बंधाने इतके घट्ट जखडलेले असतात की, पिकाभोवती नत्रवायूचा महासागर असूनही भाताला त्यातील कणभरही थेट घेता येत नाही. भातकापणीनंतर शेतात वाल पेरतात. वालाच्या मुळांवरील गाठींत राहणारे सूक्ष्म जंतू तो बंध तोडून नत्र जमिनीत आणतात. तेच काम ट्रॉम्बे व थळ येथील खतांच्या कारखान्यांत तीव्र उष्णता व प्रचंड दाब वापरून करावे लागते.

परंतु या स्थिरतेची दुसरी बाजूही आहे. नत्राचे अणू अन्य अणूंशी मोठ्या कष्टाने बांधले म्हणजे ते उतारावर उंच चढविल्यासारखे होते. संधी मिळताच ते पुन्हा जोडीजोडीने एकत्र येतात आणि त्या वेळी फार मोठी ऊर्जा एकदम मोकळी होते. बहुतेक स्फोटक द्रव्यांत नत्र असते ते याच कारणाने. म्हणजे नत्रवायू अतिशय स्थिर आहे, म्हणूनच त्याची पुष्कळशी संयुगे अस्थिर आहेत.

१४ एप्रिल १९४४

या सर्व गोष्टी एका ठिकाणी व एका दिवशी पाहावयास मिळाल्या, तो प्रसंग मुंबई बंदरातील आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या 'फोर्ट स्टिकिन' या जहाजात कापसाच्या गासड्या, सुमारे १४०० टन स्फोटक द्रव्ये व दारूगोळा आणि सोन्याच्या विटा असा माल होता. दुपारी कापसास आग लागली. पाण्याचा मारा करूनही ती आटोक्यात आली नाही आणि चार वाजल्यानंतर थोड्याच मिनिटांनी पहिला स्फोट झाला. अर्ध्या तासाच्या आसपास दुसरा झाला. शेकडो माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत आग विझविण्यासाठी गेलेले ६६ अग्निशामक होते. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

एकाच जहाजात असलेल्या मालाचे काय झाले ते पाहावे. कापूस जळाला, त्याला ठिणगी पुरेशी होती. स्फोटकांतील नत्र आपल्या जोडीच्या रूपाकडे क्षणार्धात परतला. लोखंडी जहाजाचे तुकडे झाले. सोन्याच्या विटा मात्र दूरवर फेकल्या गेल्या. त्यांतील काही गोदीच्या गाळात रुतल्या आणि पुढे अनेक वर्षांनी गाळ काढताना सापडल्या तेव्हाही त्या सोन्याच्याच होत्या. खाऱ्या पाण्याने, चिखलाने अथवा आगीने त्यांचे काही बिघडले नव्हते. कापूस व स्फोटके ही दोन्ही अडलेली होती आणि ती शेजारी शेजारी ठेवलेली होती. सोने स्थिरावलेले होते. आगीपूर्वी पाहणाऱ्याला तिन्ही सारखीच शांत दिसली असती.

दुसरा प्रसंग याच बंदराच्या परिसरातील व अलीकडचा आहे. शिवडी येथील हाजी बंदर भागात अनेक वर्षे बेवारस पडून असलेल्या जुन्या नळकांड्यांतून १४ जुलै २०१० रोजी क्लोरीन वायू बाहेर पडला व अनेकांना श्वास कोंडल्यामुळे रुग्णालयात न्यावे लागले. क्लोरीन क्रियाशील, तो कोंडून ठेवणारे लोखंडही क्रियाशील आणि भोवती समुद्राची खारी दमट हवा! अशा ठिकाणी काळ स्वतःच चाकाखालचा दगड हळूहळू काढून घेत असतो.

क्रियाशीलता हा दोष नव्हे

या उदाहरणांवरून क्रियाशील मूलद्रव्ये वाईट व स्थिर मूलद्रव्ये चांगली, असा ग्रह मुलांचा होऊ देऊ नये. विहिरीत जी टी. सी. एल. पावडर टाकतात, तिच्यातील क्लोरीन क्रियाशील आहे म्हणूनच रोगजंतू मरतात. ऑक्सिजन क्रियाशील आहे म्हणूनच चूल पेटते व आपला देहही चालतो. सोन्याची विळी भाजीच्या उपयोगाची नाही आणि आर्गॉनवर कोणताही प्राणी जगू शकत नाही. प्रश्न चांगल्या-वाईटाचा नसून, पदार्थ कोणत्या रूपात आहे व त्याच्या शेजारी काय आहे, हा आहे.

त्याचप्रमाणे 'स्थिर' या शब्दाचे दोन अर्थ एकमेकांत मिसळू देऊ नयेत. आतापर्यंत सांगितलेली स्थिरता बाहेरच्या इलेक्ट्रॉनांची, म्हणजे रासायनिक आहे. अणुकेंद्राची स्थिरता निराळी. रेडॉन हा राजवायू रासायनिक दृष्ट्या अगदी अलिप्त आहे. परंतु त्याचे अणुकेंद्र अस्थिर असून ते फुटत जाते व किरण बाहेर टाकते. उलट सोडियमचा रासायनिक स्वभाव उग्र असला तरी मिठातील सोडियमचे अणुकेंद्र कायमचे टिकणारे आहे. पहिला प्रकार चुलीपाशी पाहावयास मिळतो. दुसरा ४ ऑगस्ट १९५६ रोजी ट्रॉम्बे येथे सुरू झालेल्या 'अप्सरा' या अणुभट्टीसारख्या ठिकाणी अभ्यासिला गेला.

गुदामाजवळ राहणाऱ्या मुलांना काय शिकवावे

वरील विवेचनाचा व्यवहारात उपयोग होईल तो येथे. पुढील मुद्दे वर्गात समजावून सांगावेत व त्यांची कारणेही द्यावीत. कारण समजलेला नियम अधिक काळ लक्षात राहतो.

१. आग दिसली की पाणी ओतावे, ही समजूत सर्वत्र लागू पडत नाही. सोडियम रॉकेलमध्ये ठेवतात, कारण पाणी त्याचा वैरी आहे. पांढरा फॉस्फरस मात्र पाण्याखाली ठेवतात, कारण तो हवेत आपोआप पेटतो. कॅल्शियम कार्बाइडवर पाणी पडले की ज्वालाग्राही वायू निघतो. धान्यातील कीड मारणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून नुसत्या दमट हवेनेही प्राणघातक वायू सुटतो. म्हणून आतील माल ठाऊक नसलेल्या गुदामाच्या आगीपासून मुलांनी व मोठ्यांनीही दूर जावे आणि १०१ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे.

२. पिंपांवरील व वाहनांवरील चौकोनी, टोकावर उभ्या केलेल्या खुणा ओळखावयास शिकवाव्यात. निळ्या चौकोनातील ज्वाळा म्हणजे पाण्याशी संबंध आल्यास पेटणारा वायू देणारा पदार्थ. लाल चौकोनातील ज्वाळा म्हणजे ज्वालाग्राही पदार्थ. पिवळ्या चौकोनातील वर्तुळावरची ज्वाळा म्हणजे दुसऱ्याला जळण्यास मदत करणारा पदार्थ. कवटीची खूण म्हणजे विष. या खुणा फळ्यावर रंगीत खडूने काढून दाखवाव्यात.

३. रिकामे म्हणून टाकलेले पिंप रिकामे असतेच असे नाही. त्यात पाणी भरणे, त्याचे झाकण उघडणे, त्याजवळ काडी ओढणे या गोष्टी कटाक्षाने टाळावयास सांगाव्यात. ते पिंप अडलेल्या गाडीसारखे आहे, हा दाखला मुलांना चटकन पटतो.

४. क्लोरीन हवेच्या सुमारे अडीच पट जड असल्याने जमिनीलगत व खोलगट भागात साचतो. उग्र वास आल्यास खाली बसून राहू नये. वाऱ्याच्या दिशेला आडवे चालत दूर व उंच जागी जावे.

५. घरात किंवा शाळेच्या शौचालयात टी. सी. एल. पावडर व फरशी धुण्याचे आम्ल कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो.

वर्गात करावयाचे प्रयोग

पहिला प्रयोग खिळ्यांचा. चार बाटल्या घ्याव्यात. पहिलीत साधे पाणी व दुसरीत उन्हाळ्यात भरतीच्या वेळी आणलेले खाडीचे पाणी घालावे. तिसरीत उकळून बूच लावून निवविलेले पाणी घालून त्यावर तेलाचा थर द्यावा. चौथी पूर्ण कोरडी ठेवून घट्ट बूच लावावे. प्रत्येकीत एकेक स्वच्छ लोखंडी खिळा टाकून आठ दिवस रोज निरीक्षणे लिहून घ्यावीत. गंजण्यास काय काय लागते, हे उत्तर मुलांनी स्वतः काढावे.

दुसरा प्रयोग शिक्षकांनी स्वतः करून दाखवावा. मोरचुदाच्या निळ्या द्रावणात लोखंडी खिळा सोडला असता त्यावर तांब्याचा तांबूस थर बसतो व निळा रंग फिका होत जातो. लोखंड उतरंडीत तांब्याच्या वर आहे, याचा हा पुरावा. मोरचूद विषारी असल्याने ते मुलांच्या हाती देऊ नये व प्रयोगानंतर हात धुवावेत.

तिसरा प्रयोग घरचा. काळवंडलेल्या तांब्याच्या भांड्याचा अर्धा भाग चिंचेने घासून आणावा. चिंचेतील आम्ल वरचा काळा थर विरघळविते आणि खालचे तांबे उजळ दिसते. ते तांबे चिंचेने लगेच विरघळून जात नाही, हेही दाखवावे. चौथा प्रयोग शेतातला. वालाचे रोप मुळासकट हलक्या हाताने उपटून मुळांवरील गाठी दाखवाव्यात आणि हवेतील नत्राची गोष्ट तेथेच सांगावी.

प्रयोगानंतर प्रत्येक विद्यार्थ्याने घरातील व वाटेवरील दहा वस्तूंची यादी करून, त्यांपैकी स्थिरावलेली कोणती व अडलेली कोणती हे कारणासह लिहावे. मीठ, वाळू, सोन्याचा मणी, आगपेटी, रॉकेल, चुनकळी, कापूस अशी नावे त्यात येतील. चुनकळीवर पाणी पडताच ती उकळू लागते, म्हणून तिला हात लावू नये, हे यादी तपासतानाच बजावावे. मूलद्रव्यांची चिन्हे मुले कालांतराने विसरली तरी फारसे बिघडणार नाही. परंतु समोरचा शांत पदार्थ स्थिरावलेला आहे की नुसता अडलेला आहे, हा प्रश्न त्यांना आयुष्यभर विचारता आला पाहिजे. तो प्रश्न त्यांच्या अंगवळणी पाडण्याचे कार्य शिक्षकबंधुभगिनी मनावर घेतील, अशी अपेक्षा आहे.